पुढच्या बाकावरच्यांचं बरं चाललंय, मग देवाचा न्याय कुठाय?

प्रश्न: आमच्या पॅरिशमधले (म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतले) एक बिल्डर मजुरांचे पैसे थकवतात, सगळ्या गावाला माहितीये, तरी रविवारच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) पुढचा बाक त्यांचाच आणि सणाला मोठी देणगीही त्यांचीच. माझ्या भावाने कुणाचा रुपया बुडवला नाही, तो मात्र अंथरुणाला खिळलाय. फादर म्हणतात सगळं देवाच्या योजनेत आहे. मला तर उलटंच दिसतं. – एक वाचक, वसई

उत्तर: तुमचा राग अगदी खराय, आणि बायबललाही तो नवा नाही, स्तोत्र 73 मध्ये स्तोत्रकार आसाफ हेच म्हणतो की दुष्टांची भरभराट बघून माझा पाय घसरायचाच बाकी होता. पण याच्या मुळाशी गेला तो संत ऑगस्टीन. 410 साली गॉथ टोळ्यांचा राजा अलारिक याच्या सैन्याने तीन दिवस रोम लुटलं, लोक म्हणायला लागले ख्रिस्ती धर्मापायी रोमचे जुने देव सोडले म्हणून ही वेळ आली, आणि ख्रिस्ती माणसंही हादरली कारण लुटणाऱ्यांनी भक्तांची घरं काही वगळली नव्हती. ऑगस्टीन तेव्हा उत्तर आफ्रिकेत हिप्पोचा बिशप होता, त्याने 413 च्या सुमारास 'देवाचं नगर' लिहायला घेतलं ते 22 भाग होऊन 426 च्या आसपास संपलं.

पहिल्याच भागात तो म्हणतो, देवाने प्रत्येक पापाची शिक्षा इथेच दिली असती तर शेवटच्या न्यायाला काही उरलंच नसतं, आणि एकाही पापाची दिली नसती तर देव लक्ष घालतो यावर कुणाचा विश्वास बसला नसता. सुखाचंही तेच, मागेल त्याला मिळालं असतं तर आपण देवाकडे फक्त त्यासाठीच गेलो असतो. म्हणून पैसा, तब्येत, मान या गोष्टी चांगल्या-वाईट दोघांच्याही वाट्याला येतात, त्यावरून कोण देवाचा ते कळत नाही. एकाच आगीत सोनं झळकतं आणि भुसा धुरकटतो, असं तो लिहितो, म्हणजे बघायचं ते काय सोसावं लागलं हे नाही तर सोसणारा कसा आहे हे.

आणि त्या पुस्तकात तो माणसांची दोन नगरं मांडतो, ती म्हणजे चर्चच्या आतले आणि बाहेरचे अशी नाहीत बरं का. एक स्वतःवरच्या प्रेमातून उभं राहतं, दुसरं देवावरच्या, आणि शेवटच्या न्यायापर्यंत दोन्हींची माणसं एकमेकांत मिसळलेली, आज चर्चच्या विरोधात असलेल्यांतही उद्याचे आपले लोक लपलेत आणि आपल्यासोबत साक्रामेंत (चर्चचे पवित्र संस्कार) घेणारे काही शेवटी आपल्यासोबत नसतील हे त्याने स्पष्ट लिहिलंय. म्हणजे पुढचा बाक हा कसलाच पुरावा नाही, तसंच भावाचं आजारपण ही देवाची नाराजी आहे असं कुणी सुचवत असेल तर ते अजिबात ऐकू नका.

अमक्यालाच दुःख का, याचं उत्तर ऑगस्टीनही देत नाही. विसाव्या भागात तो सरळ म्हणतो की चांगला माणूस गरीब का आणि वाईट श्रीमंत का ते आपल्याला कळत नाही, आणि मला हे गुळगुळीत समजुतीपेक्षा जास्त आधाराचं वाटतं.

पण याचा अर्थ गप्प बसा असा नाही हो! न्याय काढून टाकला तर राज्यं म्हणजे दरोडेखोरांच्या मोठ्या टोळ्याच, हेही त्याचंच वाक्य. आणि याकोबाच्या पत्रात 5 व्या अध्यायात अडकवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते आणि ते देवाच्या कानापर्यंत पोचतं असं लिहिलंय. त्यामुळे त्या मजुरांना सोबत घेऊन आधी फादरांशी बोला, देणगीचा विषयही तिथेच काढा, आणि तरी पैसे सुटले नाहीत तर कामगार आयुक्तांच्या ऑफिसात तक्रार द्यायला त्यांच्याबरोबर जा.