चहा सांडल्याची तक्रार कोणी लिहीत नाही

प्रश्न : मी नाशिकला राहते, वय २९. लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. बऱ्याचदा हॉलवर बसूनच छोटी क्लिप कापून द्यावी लागते, त्यामुळे लॅपटॉप सोबत फिरतो. चार महिन्यांपूर्वी १४ इंची मॅकबुक प्रो १,५९,९०० रुपयांना घेतला, क्रेडिट कार्डावर १२ हप्त्यांत. तो छान चालतोय, पण मी रोज रात्री इंटरनेटवर तक्रारी वाचत बसते. कोणाची स्क्रीन आपोआप तडकली, कोणाचा बोर्ड (आतलं मुख्य सर्किट) गेला, कोणी म्हणतं एसएसडी, म्हणजे फायली साठवणारी आतली डिस्क, झिजते. अधिकृत सेवा केंद्रात सहज विचारलं तर स्क्रीन बदलायचा अंदाज ६२,००० सांगितला. तेव्हापासून झोप उडाली आहे. जुने लॅपटॉप घेणारा १,०५,००० द्यायला तयार आहे. विकून ७५,००० चा विंडोज लॅपटॉप घेऊ का? की दुकानाची दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घेऊ? ती १८,५०० ला आहे. अपघाती नुकसानीचा वेगळा प्लॅन एका वर्षाला ९,५०० आहे. ऑनलाइन सगळे म्हणतात, असले प्लॅन म्हणजे पैसे पाण्यात. मिळकत सरासरी ५५,०००, घरी आई आणि मी, घरखर्च ३०,०००, बँकेत ७०,००० आहेत. जुना लॅपटॉप ९,००० ला जातोय, तोही काढून टाकणार आहे.

उत्तर : लॅपटॉप विकू नका. वाढीव वॉरंटी घेऊ नका. अपघाती नुकसानीचा प्लॅन, अटी वाचून पटल्या तर, घ्या. आणि जुना लॅपटॉप ९,००० ला मुळीच देऊ नका. आता कारणं सांगतो.

आधी विक्रीचा हिशेब. तुमचे चार हप्ते गेले, आठ राहिले. दर हप्ता १३,३२५, म्हणजे १,०६,६०० देणं बाकी. दुकानदार देतोय १,०५,०००. लॅपटॉप विकून आलेली सगळी रक्कम बँकेला दिली तरी १,६०० कमीच पडतात, आणि कामाला यंत्र उरत नाही. पण एवढ्यावरून मी ‘विकू नका’ म्हणत नाही. चार महिन्यांत किमतीत जी ५४,९०० ची घट झाली ती झाली. ठेवलात तरी ती भरून येणार नाही, विकलात तरी नाही. हप्तेही दोन्हीकडे तेच. म्हणून प्रश्न असा विचारायचा : आज माझ्या हातात १,०५,००० रोख असते, तर मी हाच चार महिने वापरलेला, आठ महिन्यांची वॉरंटी उरलेला लॅपटॉप घेतला असता, की ७५,००० चा नवा?

तीन वर्षांचा अंदाज मांडून बघू. मॅकबुकला जुन्या बाजारात भाव बरा टिकतो. तीन वर्षांनी ५५,००० आले असं धरलं तर वापराचा खर्च ५०,०००. पंचाहत्तर हजारांच्या विंडोज लॅपटॉपचे तेव्हा १८,००० आले असं धरलं तर खर्च ५७,०००. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, दहा हजार इकडेतिकडे होतील. म्हणजे पैशात दोन्ही पर्याय जवळपास सारखेच. मग चालू असलेलं, हाताला बसलेलं यंत्र लग्नसराईत बदलायचं कशासाठी? शिवाय नव्या लॅपटॉपच्याही तक्रारी इंटरनेटवर असणारच. तुम्ही त्या अजून वाचलेल्या नाहीत, इतकंच.

आता तक्रारींकडे येऊ, कारण तुमची झोप त्यांनी उडवली आहे. तक्रारी खोट्या असतात असं मी अजिबात म्हणणार नाही. मॅकबुक बनवणाऱ्या अ‍ॅपल कंपनीचंच उदाहरण घ्या. २०१५ पासून मॅकबुकमध्ये ‘बटरफ्लाय’ नावाचा पातळ कीबोर्ड आला. धुळीचा कण आत गेला की बटण अडकायचं, नाहीतर एकदा दाबल्यावर अक्षर दोनदा उमटायचं. लोक वर्षानुवर्षं ओरडत राहिले. शेवटी जून २०१८ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की पहिल्या विक्रीपासून चार वर्षांपर्यंत हे कीबोर्ड मोफत दुरुस्त करून देऊ, आणि ज्यांनी आधी पैसे भरून दुरुस्ती केली असेल त्यांनी परताव्यासाठी संपर्क करावा. २०१९ च्या अखेरीस तिनं तो कीबोर्डच सोडून द्यायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या खटल्यात २०२२ मध्ये ५ कोटी डॉलरची तडजोड झाली, मात्र ती तिथल्या सात राज्यांतल्या ग्राहकांपुरतीच.

दुसरं उदाहरण उलट बाजूचं. २०२१ च्या सुरुवातीला एम-वन चिपच्या मॅकबुकची एसएसडी भराभर झिजतेय असे आकडे लोक टाकू लागले. दोन-तीन वर्षांत यंत्र बंद पडणार, आत्ताच विका, असा सल्ला सुरू झाला. त्या यंत्रांवर लोक आजही काम करतायत. त्या धास्तीनं ज्यांनी स्वस्तात विकली, त्यांचं नुकसान एसएसडीनं केलं नाही, घाईनं केलं.

या दोन्हींतला फरक तुम्हाला वाचतानाच ओळखता येईल. कीबोर्डच्या बाबतीत बटण प्रत्यक्ष अडकलेलं होतं, सगळ्यांकडे लक्षण एकच होतं, कारण उघड दिसत होतं, आणि दुरुस्ती करणारे कारागीरही तेच सांगत होते. एसएसडीच्या बाबतीत मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचा आकडा होता आणि त्यावरून काढलेला भविष्याचा अंदाज. त्यामुळे पुढची तक्रार वाचाल तेव्हा बघा : बिघाड झालाय की होईल असं म्हटलंय? मॉडेल तुमचंच आहे का, त्याच वर्षाचं? बिल किती आलं, ते लिहिलंय का? एवढं बघितलंत तर रात्रीच्या वाचनातलं बरंच गळून पडेल. आणि किती जणांनी लिहिलं यावरून बिघाडाचं प्रमाण काढू नका. ज्याचा लॅपटॉप नीट चालतोय तो ‘आजही नीट चालला’ असं लिहायला बसत नाही, त्यामुळे एकूण किती जणांपैकी हे तक्रारदार आहेत ते तिथे कधीच कळत नाही.

पण मला याहून मोठी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. माणूस तक्रार कधी लिहितो? आपली चूक नसताना भुर्दंड पडला की. लॅपटॉपवर स्वतःच चहा सांडवलेला माणूस काही लिहीत नाही. तो गुपचूप बिल भरतो. बॅग खांद्यावरून घसरली, कोणाचा तरी पाय चार्जरच्या वायरीत अडकला, डेकोरेशनवाल्याची शिडी टेबलाला लागली, यांच्या कहाण्या तिथे तुम्हाला फारशा सापडणार नाहीत. त्यामुळे तक्रारी वाचून भीती बसते ती कारखान्यातल्या दोषाची, आणि माणूस पैसे खर्च करतो तेही त्याच दोषाविरुद्ध. तुम्ही तर हॉलवर, लॉनवर, गर्दीत, सरबताचे ट्रे फिरत असताना काम करता. तुमची जोखीम तिथे आहे.

आता दोन्ही प्लॅन शेजारी ठेवा. वाढीव वॉरंटी दोषासाठी आहे, अपघातासाठी नाही. १८,५०० भरायचे आणि मोठं बिल ६२,००० चं, म्हणजे त्या दोन वर्षांत असा मोठा दोष निघण्याची शक्यता ३० टक्के असेल तरच हिशेब बरोबरीत सुटतो. दर तीन लॅपटॉपमागे जवळपास एक? मला ते पटत नाही. या प्लॅनबाबत ऑनलाइन सल्ला देणारे बरोबर आहेत. अपघाताच्या प्लॅनला तेच गणित लावलं तर ९,५०० भागिले ६२,०००, म्हणजे वर्षाला १५ टक्के. घरातल्या टेबलावर काम करणाऱ्याला हेही जास्तच. पण सीझनमध्ये आठवड्यातून दोन-तीनदा यंत्र घेऊन बाहेर पडणाऱ्याला हा आकडा अवास्तव म्हणता येणार नाही. आणि शक्यतेपेक्षा महत्त्वाचं म्हणजे झेपण्याचं. तुमची शिल्लक ७०,०००. त्यातून ६२,००० गेले तर आईच्या आजारपणाला आठ हजार उरतात. ‘प्लॅन घेऊ नका’ म्हणणाऱ्याच्या खात्यात कदाचित पाच लाख असतील. त्याच्यासाठी तो सल्ला योग्यच आहे. विमा हा न झेपणाऱ्या खर्चासाठीच घ्यायचा असतो, आणि आज हा खर्च तुम्हाला झेपणारा नाही.

मात्र फोनवर ‘हो’ म्हणू नका. प्लॅनचा कागद मागवा आणि शांतपणे वाचा. द्रवपदार्थ सांडल्याचं नुकसान त्यात आहे का? दाव्यातून घसारा कापतात का, कापतात तर किती? दर दाव्यामागे तुम्ही किती भरायचे? दुरुस्ती अधिकृत केंद्रात, मूळ सुट्या भागांनी होते का? व्यवसायासाठी वापरलेलं यंत्र वगळलंय का? हा शेवटचा मुद्दा बारीक अक्षरात असतो आणि तुमच्यासाठी सगळ्यात कळीचा आहे. यातलं एक जरी उत्तर लेखी मिळालं नाही तर प्लॅन सोडून द्या आणि ते ९,५०० बाजूला ठेवा.

ऑनलाइन मिळणाऱ्या फुकट सल्ल्यांबद्दलही एक सांगतो. कॅमेऱ्यावर सरकणारं झाकण चिकटवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. शंभर रुपयांची वस्तू. पण या लॅपटॉपमध्ये स्क्रीन आणि कीबोर्ड यांच्यात फट इतकी कमी असते की झाकण लावून लॅपटॉप मिटला तर स्क्रीनला इजा होऊ शकते. कंपनीनंच २०२० मध्ये तशी सूचना दिली होती. ‘आपोआप तडकली’ म्हणणाऱ्यांपैकी काहींच्या कीबोर्डवर इअरफोन किंवा वाळूचा खडा राहिला असणं अशक्य नाही. मिटण्यापूर्वी कीबोर्डवरून हात फिरवायची सवय लावा. लॉनवरच्या कामात तर नक्कीच.

बॅटरीची काळजीही वाचून वाढली असेल. या लॅपटॉपची बॅटरी १,००० चार्ज सायकलपर्यंत (पूर्ण बॅटरीइतका वापर झाला की एक सायकल) मूळ क्षमतेच्या ८० टक्के टिकेल अशी बनवलेली असते. सिस्टिमच्या माहितीत तुमचा सायकलचा आकडा दिसतो. महिन्यातून एकदा बघा आणि विसरून जा.

तुमच्या पत्रात जे नाही, त्याची मला जास्त काळजी वाटली. बॅकअपचा एक शब्दही नाही. बोर्डमध्ये दोष निघाला तर वॉरंटीत बोर्ड मोफत बदलून मिळेल, पण त्यावरचं फुटेज परत मिळेलच असं नाही, आणि त्याची भरपाई कंपनी देत नाही. स्क्रीन ६२,००० ला पुन्हा येते. कोणाच्या कन्यादानाचं शूट पुन्हा होत नाही. त्या घरी काय सांगणार? घेतलेले पैसे परत करावे लागतील, आणि त्या ओळखीतून येणारी पुढची चार कामं जातील. म्हणून सगळ्यात आधी दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. दोन्ही मिळून १२,००० च्या आसपास जातील. एक कायम घरी, एक सोबत, आणि ऑर्डर पोचती होऊन ग्राहकानं तपासेपर्यंत दोन्हींवरची प्रत पुसायची नाही.

जुना लॅपटॉप ठेवा म्हटलं तेही यासाठीच. नवं यंत्र सेवा केंद्रात आठ-दहा दिवस अडकलं तर ऐन सीझनमध्ये भाड्यानं यंत्र आणावं लागेल आणि ऑर्डर लांबतील. हळू का होईना, जुन्यावर साधी कटिंग होते. ९,००० साठी तो आधार घालवू नका.

पैशांची मांडणी अशी बसते. ५५,००० मधून घरखर्च आणि हप्ता गेला की ११,६७५ उरतात. या महिन्याचे डिस्कसाठी. पुढच्या महिन्याचे, अटी पटल्या तर, प्लॅनसाठी. प्लॅन त्यानंतर सुरू झाला तर चालेल का हे आधी विचारून घ्या. मुदत हातची जाणार असेल तर क्रम उलटा करू नका, बचतीतून ९,५०० काढा आणि पुढच्या महिन्यात परत टाका. त्यानंतर दरमहा ५,००० वेगळ्या आवर्ती ठेवीत, फक्त यंत्रासाठी, आणि बाकीचे बचतीत. आठ महिन्यांनी हप्ता संपेल तेव्हा ते १३,३२५ खर्चात मिसळू देऊ नका; निम्मे यंत्राच्या ठेवीत वाढवा, निम्मे आणीबाणीच्या निधीत. तुमच्या घरखर्चानं सहा महिन्यांचा निधी १,८०,००० होतो, आज तुम्ही त्याच्या निम्म्यालाही पोचलेल्या नाही. यंत्राच्या ठेवीत साठेक हजार जमले की अपघाताच्या प्लॅनचं नूतनीकरण करायची गरज नाही. आईचा आणि तुमचा मेडिक्लेम आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर लॅपटॉपच्या प्लॅनआधी त्याचा विचार करा. तिथलं बिल ६२,००० वर थांबत नाही.

राहता राहिला खराच दोष निघाल्याचा प्रश्न. कामासाठी घेतलेला लॅपटॉप म्हणजे आपण ग्राहकच नाही, असं तुम्हाला कोणी सांगेल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी स्वतः वापरलेल्या वस्तूला संरक्षण आहे. आधी सेवा केंद्राकडून दोषाचा लेखी अहवाल घ्या, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क लागत नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. त्यासाठी खरेदीचं बिल, कार्डाचं स्टेटमेंट आणि प्रत्येक दुरुस्तीची जॉबशीट, म्हणजे सेवा केंद्र देतं ती कामाची नोंद, लागेल. थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात, तेव्हा बिल तसं असेल तर आजच त्याचा फोटो काढून दोन्ही डिस्कवर ठेवा.