डेटाबेस ठणठणीत, ड्रायव्हर मात्र भलताच

प्रश्न : इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये आमचं दुकान आहे. बिलिंगचा डेटा मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये असतो. तो ओडीबीसीतून एक्सेलमध्ये यायचा. नवा कॉम्प्युटर घेतल्यापासून एक्सेल ‘आर्किटेक्चर मिसमॅच’ म्हणतं. बिलं मात्र निघतात. मुलगा म्हणतो, डेटाबेस बिघडला.

डेटाबेस बिघडला असता तर बिल फाडता आलं असतं का? भानगड एक्सेल आणि ड्रायव्हर यांच्यातली आहे.

ओडीबीसी ही मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणलेली ठरलेली पद्धत. डेटा हवा असेल तर प्रोग्रामने कोणत्या नावाने हाक मारायची, एवढंच ती ठरवते. ती हाक डेटाबेसला कळेल अशा रूपात पोचवणारा तो ड्रायव्हर. पुण्याचे पाहुणे सराफ्यात ‘मक्याचा कीस’ मागतात आणि आपण गाडीवाल्याला ‘भुट्टे का कीस’ सांगतो, तसंच.

पण हा दुभाष्या स्वतंत्र चालत नाही. तो एक डीएलएल फाइल, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने उचलून वापरायचा कोडचा तुकडा असतो आणि एक्सेलच्याच प्रोसेसमध्ये जाऊन बसतो. ६४-बिट एक्सेलमध्ये ३२-बिट डीएलएल लोड होत नाही; त्यालाच ते ‘आर्किटेक्चर मिसमॅच’ म्हणतं. डेटाबेसचा सर्व्हर किती बिटांचा, याचा इथे संबंधच नाही. तो वायरच्या पलीकडे आहे.

एक्सेलमध्ये फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल असं उघडा. तिथे ६४-बिट दिसलं, तर ड्रायव्हरही ६४-बिट टाका आणि डीएसएन, म्हणजे कनेक्शनची नावानिशी साठवलेली माहिती, विंडोजच्या ६४-बिट ओडीबीसी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरमधून नव्याने करा. जुना ३२-बिट ड्रायव्हर काढू नका. तुमचं बिलिंग बहुधा त्याच्यावरच चालत असेल. दोन्ही सुखाने नांदतात.

एक खोडसाळपणा सांगून ठेवतो. ६४-बिट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर ‘सिस्टिम३२’ या फोल्डरमध्ये असतो आणि ३२-बिटचा ‘सिसवाऊ६४’मध्ये! नावांवर विसंबून मीही एकदा अख्खी दुपार घालवली आहे.

प्रश्न : रामबागेतल्या आमच्या मंडळाच्या सभासद-यादीत नावांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं येतात. यादी मायएसक्यूएलमध्ये आहे. नावं परत मिळतील का?

ती बिघडली कुठे, त्यावर आहे. मायएसक्यूएलच्या हेक्स फंक्शनने एका नावाचे बाइट, म्हणजे साठवलेले कच्चे आकडे, बघा. ई०ए४ किंवा ई०ए५ अशी सुरुवात वारंवार दिसली, तर देवनागरी शाबूत आहे. वाचताना ड्रायव्हर चुकीचा कॅरेक्टर सेट, म्हणजे कोणतं अक्षर कोणत्या बाइटांनी लिहायचं याचा तक्ता, वापरतोय. नुसते ३एफ, ३एफ दिसले, तर साठवतानाच खरी प्रश्नचिन्हं झाली. ती नावं गेली. बॅकअप किंवा जुनी पावतीपुस्तकं शोधा.

पुढे तरी टेबल आणि ड्रायव्हरचं कनेक्शन दोन्हीकडे ‘यूटीएफ८एमबी४’ हा कॅरेक्टर सेट ठेवा. एकीकडेच बदलून चालत नाही. लोक हमखास तिथेच फसतात. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ एका अक्षराला तीनच बाइट देतो. देवनागरीला तेवढे पुरतात, पण कुणी नावापुढे इमोजी टाकला की अडतं.

प्रश्न : मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचा ओडीबीसी ड्रायव्हर १७ वरून १८ केला आणि सर्टिफिकेटवर विश्वास नाही म्हणून कनेक्शन तुटतं. पासवर्ड बरोबर आहे.

पासवर्डपर्यंत गोष्ट पोचतच नाही. १८ पासून ड्रायव्हर न सांगता एन्क्रिप्शन मागतो आणि सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट तपासतो. कनेक्शनच्या सेटिंगमध्ये ‘ट्रस्टसर्व्हरसर्टिफिकेट=येस’, म्हणजे सर्टिफिकेट न तपासता विश्वास ठेव, असं लिहिलं की चालू होतं; बहुतेक जण तेवढंच करून चहाला जातात. ऑफिसातल्या टेस्ट मशीनवर ठीक आहे. ग्राहकांचा डेटा असेल तिथे सर्व्हरवर खरं सर्टिफिकेट बसवून घ्या.

प्रश्न : जेडीबीसी, म्हणजे जावा प्रोग्राममधून डेटाबेसशी बोलायची पद्धत; तिच्या ड्रायव्हरचे चार प्रकार परीक्षेला आहेत. नोकरीत कोणता लागतो?

चौथा. तो पूर्ण जावात लिहिलेला असतो आणि डेटाबेसशी थेट बोलतो. पहिला, म्हणजे ओडीबीसीवरून जाणारा पूल, २०१४ मध्ये जावा ८ मधून काढूनच टाकला. परीक्षेपुरते चारही पाठ करा, तिथे इलाज नाही.