गोल दारांची रोल्स कुणाची?

जुन्या गाड्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही पाच-सहा मित्र दर रविवारी सकाळी आपापल्या जुन्या गाड्या घेऊन पर्वतीच्या पायथ्याशी जमतो. गेले तीन रविवार एकाच गाडीवरून वाद चाललाय. लॉस एंजेलिसच्या पीटरसन संग्रहालयातली ती काळी, गोल दारांची रोल्स रॉइस. एक मित्र म्हणतो, ती नानपाराच्या राजाने बनवून घेतली आणि फेटा न काढता आत बसता यावं म्हणून दारं गोल केली. दुसरा म्हणतो, ती इंग्लंडच्या आठव्या एडवर्डची. तिसऱ्याच्या मते १९३०च्या दशकात अशी बॉडी कुणी करणं शक्यच नाही, मागाहून अमेरिकेत कुणीतरी ती चढवली. खरं काय? आणि तुम्हाला ती सुंदर वाटते का?
– स. प., पुणे

उत्तर : माझे वडील ग्रँट रोडजवळच्या एका वर्कशॉपात गाड्यांच्या बॉड्या ठोकायचे. कुणी गाडी दाखवून "ही कधीची हो?" असं विचारलं, की ते उलट विचारायचे, "खालची की वरची?" खालची म्हणजे चॅसी, इंजिन, चाकं. वरची म्हणजे बॉडी. तुमच्या तिन्ही मित्रांनी खालची आणि वरची एकच धरली आहे. या गाडीत त्या दोघींमध्ये नऊ वर्षांचं अंतर आहे, आणि देशही वेगळे आहेत.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स रॉइस कंपनी स्वतः बॉडी बनवतच नव्हती. गिऱ्हाइकाला मिळायची ती चालती चॅसी : फ्रेम, इंजिन, रेडिएटर, स्टिअरिंग. ती मग हूपर, बार्कर, थ्रप अँड मेबर्ली अशा बॉडीवाल्यांकडे जायची आणि मालकाच्या सांगण्याप्रमाणे तिच्यावर लाकडाचा सांगाडा व पत्रा चढायचा. शिंप्याकडे कापड द्यावं तसा हा व्यवहार होता. तुम्ही विचारलेल्या गाडीची चॅसी १९२५ची आहे, म्हणजे सिल्व्हर घोस्टनंतर नुकत्याच आलेल्या फँटमची. सहा सिलिंडर, सुमारे ७.७ लिटरचं इंजिन. तिच्यावर पहिली बॉडी लंडनच्या हूपरने चढवली. ती कापडी टपाची कॅब्रिओले होती आणि तिची दारं चारचौघींसारखी चौकोनी होती. ऑर्डर होती डेट्रॉइटच्या श्रीमती ह्यू डिलमन यांची. या बाई म्हणजे डॉज मोटारी काढणाऱ्या होरेस डॉज यांची विधवा. त्यांनी गाडी ताब्यात घेतलीच नाही, आणि ती गेली नानपाराच्या राजाकडे. नानपारा ही अवधातली मोठी तालुकदारी, आजच्या उत्तर प्रदेशातल्या बहराइच जिल्ह्यात, नेपाळच्या सरहद्दीजवळ.

तेव्हा पहिल्या मित्राचं अर्धं बरोबर. गाडी राजाकडे होती हे खरं. पण राजा जिच्यात बसला ती हूपरची चौकोनी दारांची गाडी. फेट्याची गोष्ट त्यामुळे टिकत नाही. टप उघडणाऱ्या गाडीत फेट्याची अडचण मुळात येतेच कुठे? शिवाय गोल दार उंचीने मोठं असलं तरी वरच्या बाजूला ते निमुळतं होत जातं. डोकं सहज आत जावं अशी इच्छा असेल तर सुतार आणि पत्रेवाला दोघेही चौकोनी दारच सुचवतील.

पुढे गाडीने हात बदलले आणि ती बेल्जियममध्ये पोहोचली. तिथल्या रूसेलारे गावाजवळच्या योंकहेरे या बॉडीवाल्यांनी १९३४ साली हूपरची बॉडी उतरवून आज दिसते ती बॉडी चढवली. हे घराणं घोड्यांच्या बग्ग्या करणारं. १८८१ पासूनचा त्यांचा धंदा, आणि पुढे नाव झालं ते बसगाड्यांमुळे. ही बॉडी कुणी सांगितली आणि कागदावर कुणी आखली, याचा पत्ता लागत नाही, कारण त्यांच्या कारखान्याची जुनी दप्तरं आगीत गेली. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं. पत्रा गंजला तर नवा कापून लावता येतो. ज्याच्या हाताने ती रेघ ओढली त्याचं नाव मात्र पुन्हा घडवता येत नाही.

तिसऱ्या मित्राला उत्तर एका ओळीत देता येईल : १९३६ साली फ्रान्समधल्या कान इथल्या मोटारींच्या सौंदर्यस्पर्धेत याच बॉडीला मानाचं पारितोषिक मिळालं. म्हणजे तेव्हा ती होती, आणि युरोपात होती. अमेरिकेत ती नंतर गेली.

आठव्या एडवर्डचं नाव कुठून आलं, तेही सांगते. १९५०च्या दशकात अमेरिकेत मॅक्स ओबी नावाच्या माणसाने ती घेतली, तिला सोनेरी रंग दिला आणि "राजाची रोल्स" म्हणून लोकांना दाखवत फिरवली. रंगात सहा पौंड सोन्याची पूड आहे असंही तेव्हा सांगितलं जाई. एडवर्डचं नाव त्या प्रदर्शनातलं. योंकहेरेने बॉडी पुरी केली तेव्हा एडवर्ड अजून युवराज होता. राजा तो १९३६च्या जानेवारीत झाला आणि त्याच डिसेंबरात त्याने गादी सोडली. पुढे गाडी जपानमधल्या संग्राहकाकडे गेली, २००१ साली पीटरसन संग्रहालयाने ती घेतली आणि पत्रा उघडा करून तिची पुन्हा उभारणी केली.

आता सौंदर्याचा प्रश्न. लॉस एंजेलिसला लेकीकडे गेले होते तेव्हा मी ही गाडी दोन दिवस लागोपाठ पाहिली. आयटीआयमध्ये एकवीस वर्षं मी पत्र्याचं काम शिकवलं आहे, त्यामुळे मी गाडीकडे पाहते तेव्हा आधी जोड शोधते. जवळपास वीस फूट लांबीच्या या गाडीत मडगार्ड कुठे संपलं आणि दार कुठे सुरू झालं, हे नजरेला थांबून शोधावं लागतं. पत्रा एका दिशेने वाकवणं सोपं, विद्यार्थी आठवड्यात शिकतो. दोन दिशांनी एकदम वाकवायचा असेल तर तो मधे ताणावा लागतो आणि कडेला आवळावा लागतो. वाळूच्या पिशवीवर मोगरीने ठोकत, मग दोन चाकांमध्ये पत्रा दाबणाऱ्या मशीनमधून शेकडो वेळा फिरवत. या गाडीची मडगार्डं संपूर्ण तशी आहेत. त्यांच्यापुढे मी बराच वेळ नुसती उभी होते.

दारांबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि ती कारागिराची आहे. गोल दाराला उभी सरळ कड अगदी थोडी मिळते, त्यामुळे बिजागऱ्या एकमेकींच्या जवळ येतात. जड दार जवळजवळच्या बिजागऱ्यांवर टांगलं की ते खाली लोंबायला बघतं. काचेचं तर कोडंच. चौकोनी दारात काच सरळ खाली उतरते. इथे वरची अर्धगोल काच खाली आणायची म्हटली तर तिचे दोन्ही कोपरे दाराच्या गोल कडेवर अडतात, कारण मधल्या रेषेखाली दार अरुंद होत जातं. म्हणून काच मधोमध दोन तुकड्यांत केली आहे. एवढा खटाटोप ज्याने स्वीकारला त्याला तो गोल आकार किती हवासा वाटला असेल! सोयीसाठी असं दार कुणी करत नाही.

मागचा, माशाच्या परासारखा उभा पंख पाहून पुष्कळ जण म्हणतात की ही टॅट्राची नक्कल. चेकोस्लोव्हाकियाची टॅट्रा ७७ हीसुद्धा १९३४चीच आणि तिच्याही पाठीवर असा पंख आहे. पण माल्कम कॅम्पबेलच्या, वेगाचे विक्रम करणाऱ्या ब्लूबर्ड मोटारीला १९३१ सालीच शेपटीवर पंख होता. त्या काही वर्षांत वाऱ्याला कमी अडेल असा आकार हा सगळ्या युरोप-अमेरिकेच्या ध्यासाचा विषय होता. पिअर्स ॲरोची सिल्व्हर ॲरो १९३३ची, क्रायस्लरची एअरफ्लो १९३४ची. एकाने दुसऱ्याचं चोरलं असं म्हणण्यापेक्षा सगळे एकाच हवेत श्वास घेत होते असं मी म्हणेन. मुंबईकरांना ती हवा ओळखीची आहे. १९३३चं रीगल आणि १९३८चं इरॉस ही चित्रपटगृहं, मरीन ड्राइव्हच्या इमारतींचे गोलावलेले सज्जे, हे सगळं आर्ट डेको नावाच्या त्याच शैलीच्या बहरातलं. फरक एवढाच की ताशी दोनशे मैलांपुढे धावणाऱ्या ब्लूबर्डला पंख सरळ रेषेत राहायला लागतो. या रोल्सवर तो अलंकार आहे.

सगळ्यात धाडसाची गोष्ट मला रेडिएटरची वाटते. रोल्सचा रेडिएटर म्हणजे देवळाचं दर्शनी रूप, ताठ उभा. योंकहेरेने तो मागे झुकवला. ज्यांना रोल्सचा तोरा प्रिय आहे त्यांना हे आजही खटकतं. मला खटकत नाही. तो ताठ ठेवला असता तर मागची सगळी वाहती रेघ पुढे भिंतीला आपटल्यासारखी दिसली असती.

तर रविवारी सांगा : खालची १९२५ची इंग्लिश, वरची १९३४ची बेल्जियन, मधल्या काळात राजा नानपाराचा, आणि एडवर्डचा संबंध नाही. आणि हो, मला ती सुंदर वाटते.

प्रश्न : कोलकात्यात हंसाच्या आकाराची मोटार होती आणि ती चोचीतून वाफ सोडायची, असं वडील सांगायचे. हे खरं का?
– मृ. के., डोंबिवली

उत्तर : अगदी खरं. तुमच्या वडिलांची आठवण पक्की आहे. कोलकात्यात राहणाऱ्या रॉबर्ट निकोल मॅथ्यूसन या धनिकाने १९१० साली इंग्लंडमधल्या लोस्टॉफ्टच्या ब्रुक कंपनीकडून ती करून घेतली. पुढचा भाग हंसाची मान आणि डोकं. गर्दीतून वाट काढायला चोचीतून इंजिनाचं गरम पाणी फवारता येई. मागून चुना टाकायचीही सोय होती, खऱ्या हंसाची आठवण व्हावी म्हणून. रस्त्यावर एवढा गोंधळ माजला की पोलिसांनी तिला मनाई केली. पुढे ती नाभाच्या महाराजांनी घेतली आणि तिच्या जोडीला विजेवर चालणारं पिल्लूही बनवून घेतलं. आज दोन्ही नेदरलँड्समध्ये, हेगच्या लाउमन संग्रहालयात आहेत.

प्रश्न : ताई, आजोबांनी १९५७ साली घेतलेली फियाट ११०० आमच्या गोठ्यात उभी आहे. १९७९ साली काकांनी वरातीसाठी तिचं छप्पर कापून तिला उघडी गाडी केली. मला ती मूळ रूपात आणायची आहे. मित्र म्हणतात तशीच ठेव, कापलेलं छप्पर हाही तिचा इतिहास आहे. शिवाय व्हिंटेज म्हणून नोंदणी होईल का?
– अ. पा., सांगली

उत्तर : तुमच्या मित्रांचं म्हणणं मी एरवी उचलून धरलं असतं. वरच्या रोल्सची बॉडी बदलली गेली म्हणूनच आज आपण तिच्यावर बोलतोय. पण तुमची गाडी वेगळ्या जातीची आहे. रोल्सला खाली स्वतंत्र फ्रेम आहे, वरची बॉडी उतरवली तरी खालची उभी राहते. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून १९५४ पासून निघालेल्या फियाट ११०० ला अशी फ्रेमच नाही. तळ, खांब आणि छप्पर मिळून एकच पेटी, आणि भार त्या पेटीवर. पेटीचं झाकण कापलं की ती मधे वाकू लागते. वडिलांकडे अशी एक कापलेली फियाट आली होती. चार माणसं बसली की मागची दारं लागायची नाहीत आणि उतरली की लागायची. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. वडिलांनी मला दाराच्या फटीत बोट घालायला लावून आधी आणि नंतरचा फरक दाखवला होता.

तुम्हीही तेच करा. गाडी सपाट जमिनीवर घ्या, दाराच्या पुढच्या आणि मागच्या फटी मोजा. मग चार जणांना बसवून पुन्हा मोजा. फरक पडत असेल तर पेटी वाकते आहे, आणि अशा गाडीत मी माझ्या नातवंडांना बसवणार नाही. तसं असेल तर भंगारातून त्याच मॉडेलचं शाबूत छप्पर खांबांसकट शोधा. ते चढवण्याआधी तळ जॅकवर सरळ करून आतून तात्पुरत्या आडव्या-तिरक्या पट्ट्या वेल्ड करून घ्या. वाकलेल्या तळावर सरळ छप्पर जोडलं तर वाकडेपणा कायमचा आत बंद होतो.

नोंदणीचं असं आहे. २०२१च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज धरली जाते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे, मुदत १० वर्षं आणि पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. कापलेल्या छपराची गाडी यात बसवणं अवघड आहे. मात्र असा नंबर घेतला की प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांपुरतीच गाडी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. बाजारहाट आणि देवदर्शन तिच्यातूनच करायचं असेल तर हा नंबर मागण्याआधी घरात बोलून घ्या.

काकांच्या वरातीचे फोटो असतील तर ते गाडीच्या कागदांबरोबर ठेवा, मागे तारीख आणि छप्पर कापणाऱ्या कारागिराचं नाव लिहून. काका हयात असतील तर ते नाव त्यांना याच आठवड्यात विचारा. आणि फटींची मापं मला पाठवा, पुढच्या अंकात छपराच्या जोडाबद्दल सविस्तर लिहिते.