तुमचे प्रश्न : यंत्राला काय विचारायचं, ते आधी शिका

प्रश्न : ताई, मी पलूसची. यंदा ॲनालिटिकल केमिस्ट्री घेऊन एम.एस्सी. झाले. कॉलेजात एचपीएलसी (मिश्रणातले घटक द्रवाच्या मदतीने वेगळे करून मोजणारं यंत्र) एकच होतं, तेही काचेच्या दारामागे. पुण्यातल्या एका संस्थेत एचपीएलसी, जीसी (हेच काम वाफेवर करणारं यंत्र) आणि एलसी-एमएस (वेगळ्या झालेल्या घटकांचं वस्तुमानही मोजणारं यंत्र) यांचा तीन महिन्यांचा कोर्स आहे. फी 65,000 रुपये. नोकरीची शंभर टक्के हमी देतात. बाबा सोसायटीचं कर्ज काढायला तयार आहेत. करू का?

उत्तर : बाबांना सांग, कर्जाचा अर्ज आठवडाभर थांबवा. कोर्स वाईटच असेल असं मी म्हणत नाही, पण पैसे भरण्याआधी एकदा पुण्याला जाऊन ये. वर्ग चालू असताना जा आणि मशीनशेजारचं लॉगबुक बघायला माग. प्रत्येक इंजेक्शन, म्हणजे मशीनमध्ये सोडलेला नमुना, कुणी मारलं, कधी मारलं, कोणता कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) लावला होता, हे त्यात लिहिलेलं असतं. पानोपानी विद्यार्थ्यांची नावं दिसली तर पुढचं बोल. सगळीकडे शिकवणाऱ्या सरांचंच नाव असेल, किंवा वही कोरी करकरीत असेल, तर परतीची गाडी धर. एलसी-एमएसच्या खोलीत कान दे. व्हॅक्यूम पंपाची घरघर रात्रंदिवस चालू असते, कारण व्हॅक्यूम गेलं की मशीन लगेच कामाला येत नाही. खोली शांत असेल तर ते मशीन फक्त जाहिरातीतल्या फोटोसाठी आहे. आणि नोकरीची हमी लेखी माग.

एवढं लॉगबुकाचं का लावून धरलंय, ते सांगते. 1994 साली मी सातपूरला एका औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात, लागले. पहिले पंधरा दिवस सरांनी मला फक्त मोबाइल फेज, म्हणजे कॉलममधून वाहणारा द्रव, करायला लावली. बफर (पीएच स्थिर ठेवणारं क्षाराचं द्रावण) करायचा, पीएच लावायचा, 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचा, सोनिकेटरमध्ये ठेवून हवा काढायची. मला वाटायचं, हे काय शिक्षण! सोळाव्या दिवशी मशीन हातात आलं. संध्याकाळी काम संपवून घरी जायच्या घाईत मी फॉस्फेट बफरवरून थेट शंभर टक्के ॲसिटोनायट्राइल या द्रावकावर गेले. मध्ये पाणी सोडायचं असतं, हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. प्रेशर 150 बारवरून चढायला लागलं. 200, 280, 350, आणि 400 ला पंप बंद पडला. फॉस्फेट ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे मीठ आतल्या आत गोठलं होतं. रात्रभर अगदी कमी फ्लोवर कोमट पाणी सोडून प्रेशर उतरवलं, पण त्या कॉलमवर पुढे प्रत्येक पीक (आलेखावरचा घटकाचा उंचवटा) दुभंगलेलंच यायचं. त्या कॉलमची किंमत माझ्या महिन्याच्या पगाराहून जास्त होती. सर रागावले नाहीत. घडलं ते सगळं त्यांनी लॉगबुकात माझ्याच अक्षरात लिहून घेतलं. तेव्हापासून प्रेशरचा आकडा बघितल्याशिवाय मी मशीनपासून हललेली नाही. हे तुला काचेच्या दारामागून कुणी शिकवू शकणार नाही.

दुसरी गोष्ट तुझ्या माझ्या घरची आहे, कारण पलूसची म्हणजे आजूबाजूला द्राक्षबागा असणारच. माझ्या भावाची बाग निफाड तालुक्यात आहे. 2010 च्या हंगामात त्याचा माल युरोपात गेला आणि बंदरावर अडकला. क्लोरमेक्वाट सापडलं होतं, आपले बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात ते. खरड छाटणीनंतर वाढ रोखायला आणि घडनिर्मिती चांगली व्हायला ते मारायची पद्धत होती. द्राक्षात त्याची तिथली मर्यादा तेव्हा किलोला 0.05 मिलिग्रॅम होती. भावाच्या हातात इथल्या प्रयोगशाळेचा स्वच्छ रिपोर्ट होता. त्या रात्री त्याने मला फोनवर विचारलं, ‘तुमचं मशीन खोटं बोललं का?’

मशीन खोटं बोललं नव्हतं. तपासणीच्या यादीत क्लोरमेक्वाट नव्हतंच. शिवाय ते विद्युतभार असलेलं मीठ आहे. नेहमीच्या पद्धतीत आपण द्राक्षाचा लगदा इथाइल ॲसिटेट या द्रावकाने झटकतो, तेव्हा बाकीची औषधं त्याच्याबरोबर वर येतात आणि हे खाली पाण्यातच राहतं. जीसीत तर ते वाफ होऊन जातच नाही. त्याला वेगळं काढावं लागतं, मिथेनॉल आणि आम्लाच्या मिश्रणाने, आणि एलसी-एमएसवर 122 वस्तुमानाचा आयन (विद्युतभारित कण) पकडून त्याचा 58 चा तुकडा मुद्दाम शोधावा लागतो. एलसी-एमएसमधल्या ट्रिपल क्वाड्रुपोल या वस्तुमान मोजणाऱ्या भागाला जे आयन सांगाल तेवढेच ते बघतं. रिपोर्टवरचं ‘आढळले नाही’ म्हणजे ‘जे शोधलं, त्यातलं आढळलं नाही’. भावाला हे समजावताना माझा घसा दाटून आला होता. त्याचं वर्ष गेलं होतं.

म्हणून कोर्सवाल्यांना विचार : नमुना कुटण्यापासून शिकवता की तयार वायल (नमुन्याची छोटी बाटली) हातात देता? स्टँडर्डमध्ये, म्हणजे शुद्ध औषधाच्या द्रावणात, पीक कुणालाही दिसतं. द्राक्षाच्या रसात मिसळलेलं औषध किती परत मिळालं, 70 ते 120 टक्क्यांत बसलं का, नाही बसलं तर कुठे गेलं, ते शोधण्यात खरं शिक्षण आहे.

कमी खर्चाच्या वाटाही बघ. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. निर्यातीच्या द्राक्षांची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा तिथेच आहे. प्रकल्पावर तरुण मुलं घेण्याच्या जाहिराती निघतात, त्यावर लक्ष ठेव. हैदराबादला राजेंद्रनगरात राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था फवारलेल्या औषधांच्या अवशेष तपासणीचे वर्ग घेते. आयआयटी मुंबईच्या सैफ या प्रगत उपकरण केंद्रात अशा यंत्रांवर काम चालतं, तिथल्या कार्यशाळांची चौकशी कर. आणि तुझ्या जिल्ह्यातल्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त खाजगी प्रयोगशाळेत नमुने तयार करायला सहा महिने कमी पगारावर लागलीस, तरी माझ्या मते ते त्या 65,000 पेक्षा मोलाचं.

मुलाखतीत मी एकच प्रश्न हमखास विचारते : सहा इंजेक्शनांचं आरएसडी (निकालांमधला टक्केवारीतला फरक) 3.1 आलं, मर्यादा 2 आहे, काय करशील? ‘पुन्हा सहा मारीन’ म्हणणारी मुलं खूप भेटतात. थांबेन, नोंद करीन, हवा, गळती, सुई, कॉलम एकेक तपासीन आणि वरिष्ठांना सांगेन, असं म्हणणाऱ्या मुलीला मी घेते, मग तिने एलसी-एमएस बघितलेलं नसलं तरी चालेल.

प्रश्न : मी वेर्ण्याला औषध कंपनीत सहा वर्षं एचपीएलसीवर आहे. आता नायट्रोसामाइन (औषधांत अगदी कमी प्रमाणात सापडणाऱ्या, कर्करोगाचा धोका असलेल्या अशुद्धी) यांच्या कामासाठी एलसी-एमएसची माणसं हवी आहेत. वरिष्ठ म्हणतात, एचपीएलसीचं सगळं विसरून ये. वय 31. जमेल का?

उत्तर : जमेल, आणि विसरू मुळीच नका. 2018 मध्ये व्हल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए हे नायट्रोसामाइन सापडल्यापासून ही मागणी वाढली, आणि एनडीएमएची मर्यादा दिवसाला 96 नॅनोग्रॅम इतकी बारीक आहे. सवयी मात्र बदलाव्या लागतील. फॉस्फेट बफर बंद, त्याऐवजी फॉर्मिक ॲसिड किंवा अमोनियम फॉर्मेट. साबणाने धुतलेली बाटली नको. सोर्स, म्हणजे नमुन्याचे आयन बनवणारा भाग, तुम्ही स्वतः खोलून पुसायला शिका, इंजिनिअरची वाट बघू नका.

पण वेगळं करण्याची तुमची सहा वर्षांची नजर हीच तुमची पुंजी आहे. 2020 मध्ये मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाच्या काही नमुन्यांत एका खाजगी प्रयोगशाळेने एनडीएमए जास्त दाखवलं. अमेरिकेच्या एफडीएने तेच नमुने तपासले तेव्हा काहींमधलं प्रमाण कमी निघालं. घोटाळा डायमिथाइलफॉर्माइड या द्रावकाचा होता. त्याच्या जड समस्थानिकाचा (जरा जड अणू असलेल्या रूपाचा) आयनही 75 च्या आसपासच येतो, अगदी एनडीएमएच्या शेजारी. कॉलमवर दोघं वेगळे झाले नाहीत तर मासला, म्हणजे वस्तुमान मोजणाऱ्या भागाला, एकच दिसतं. वस्तुमान जुळलं म्हणून सही करू नका. आरटी (घटक कॉलममधून बाहेर पडायची वेळ) जुळली का, दुसरा तुकडा योग्य प्रमाणात आला का, हे तुम्ही पहिल्या दिवसापासून विचारत राहा. वरिष्ठांनाही हे उदाहरण जरूर सांगा.

प्रश्न : माझ्या तासगावच्या बागेचे दोन प्रयोगशाळांचे रिपोर्ट वेगळे आले. त्याच औषधाचा अवशेष एकात 0.03, दुसऱ्यात 0.05. कोण खोटं?

उत्तर : बहुधा कुणीच नाही, दादा. युरोपच्या मार्गदर्शक नियमांतही अशा मोजणीची अनिश्चितता अधिक-उणे 50 टक्के धरतात. आधी हे बघा, की दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच प्लॉटमधून, सगळ्या ओळींतून घेतले होते का. बांधाकडच्या चार वेलींचे घड आणि मधल्या वेलींचे घड सारखे नसतात. पुढच्या वेळी नमुना घेताना स्वतः हजर राहा, आणि प्रयोगशाळेत राखून ठेवलेला गोठवलेला भाग किती दिवस ठेवणार, ते त्यांच्याकडून लिहून घ्या.