नको नको म्हणताना फुटलेलं हसू

प्रश्न असा आहे: कुणी पाणचट विनोद करतं, आपल्याला हसायचं नसतं, तरी हसतो. या हसण्याला मराठीत नेमका शब्द कोणता?

एक शब्द नाही, कारण इथे दोन हसणी एकत्र झाली आहेत. एकात हसू येत नसतं, ते आणावं लागतं. दुसऱ्यात ते येत असतं आणि येऊ नये असं वाटत असतं. मराठी या दोन्हींसाठी वाक्याची घडणच बदलते.

कांदा महागला की कुणीतरी म्हणतंच, "सध्या कांदा भारी भाव खातोय!" जेवणाच्या पंगतीत जावईबापूंनी ही कोटी केली असं धरा. सासरे तोंडदेखलं हसले. मेहुणा कसनुसं हसला. मेहुणीने ओठ घट्ट मिटून घेतले होते, तरी तिला हसू फुटलंच. सासरे आणि मेहुणा हसण्याचे कर्ते आहेत. मेहुणीच्या वाक्यात कर्ता आहे 'हसू'. ती बिचारी 'तिला' होऊन चतुर्थीत बसली आहे. पडताळा म्हणून 'मुद्दाम' घालून बघा. 'सासरे मुद्दाम तोंडदेखलं हसले' चालतं. 'तिला मुद्दाम हसू फुटलं' कानाला खटकतं. प्रश्नकर्त्याला बहुधा हे मेहुणीचं हसू हवं आहे. त्यासाठी 'हसू फुटणं', 'हसू न आवरणं', 'हसल्यावाचून न राहवणं' यांतलं काहीही घ्या आणि विरोध दाखवायला पुढे 'नको नको म्हणताना' जोडा.

आणलेल्या हसण्यासाठी 'तोंडदेखलं' सर्वांत चपखल. तोंडदेखली स्तुती असते तसंच हे समोरच्याचा मान राखण्यापुरतं हसणं. 'कसनुसं'मध्ये अवघडलेपण येतं. पण जपून: विनोद पडला की सांगणाराही कसनुसं हसतो, त्यामुळे कोण हसलं ते वाक्यात स्पष्ट हवं. 'उसनं हसू' इथे मला जड वाटतं. त्यामागे सहसा लपवलेलं दुःख असतं, आणि कांद्याच्या कोटीवर एवढा भार कशाला? 'ओशाळवाणं' म्हटलं की चूक हसणाऱ्याची ठरते. 'छद्मी' तर साफ चुकीचं, त्यात कपट आहे. 'अनिच्छेने हसला' व्याकरणात बसतं, पण भाषांतराचा वास येतो.

भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्र' या प्राचीन ग्रंथात हास्याचे 6 प्रकार आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पण ही उतरंड हसण्याच्या प्रमाणाची आणि हसणाऱ्याच्या प्रकृतीची आहे; उत्तम, मध्यम, अधम यांच्या वाट्याला दोन-दोन. मनाविरुद्ध हसण्याचं खातं तिथे नाही. त्यातून 'उपहसित' उचलून वापरलं तर आजच्या वाचकाला उपहासच दिसेल.

'हसवणं' या रूपाचीही गंमत आहे. 'त्याने मला हसवलं' हे प्रयोजक क्रियापद, म्हणजे दुसऱ्याकडून क्रिया करवून घेणारं. 'मला हसवेना' हे मात्र शक्य क्रियापद: हसणं जमेना, हसण्याचं बळ होईना. म्हणजे तोंडदेखलं हसायचा प्रयत्नही फसला तर 'मला हसवेना' म्हणता येतं. मात्र 'हसवलं नाही' एवढंच लिहिलंत तर त्याने हसवलं नाही की माझ्याने हसवलं नाही, हा घोळ होतो. तिथे 'माझ्याने' गाळू नका.

संवाद लिहिताना तर विशेषण शोधूच नये. 'तिला नाइलाजाने हसू आलं' यापेक्षा '"शी! काय पण!" म्हणत ती हसली' हे जास्त खरं उतरतं. 'शी'मध्ये विनोदाची किंमत झाली, 'हसली'मध्ये तिचा पराभव.