आडनाव तुम्ही बदललेत, अभ्यासक्रम तिने का बदलावा?

प्रश्न : मुलगी अकरावीत असताना आम्ही राजपत्राद्वारे कुटुंबाचे आडनाव बदलले. तिचे आधार नव्या नावाने आहे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला मात्र जुन्याच. सीईटीत तिला चांगले गुण मिळाले आहेत व तिला बी. फार्म. करायचे आहे. परंतु पडताळणीत प्रवेश अडकेल, म्हणून तिने जवळच्या महाविद्यालयात बी. ए. करावे असे मी ठरवले आहे. दरम्यान आधारवर जुने आडनाव परत लावून घेतो. हे योग्य ना?
– एक पालक

उत्तर : मुलीला काय हवे आहे हे तुमच्या पत्रात एकाच ठिकाणी आले आहे, आणि पुढच्याच वाक्यातल्या ‘परंतु’ने तुम्ही ते खोडले आहे. आडनाव बदलण्याचा निर्णय तुमचा होता. त्यामागे तुमची कारणे असतील आणि त्यांबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण त्या निर्णयामुळे जी कागदी धावपळ करावी लागणार आहे ती टाळण्यासाठी मुलीने आवडीचा अभ्यासक्रम सोडावा, हे मला पटत नाही. शिवाय बी. ए. ला नाव कोणी विचारत नाही, हेही खरे नाही. तिथेही याच गुणपत्रिका आणि हाच दाखला द्यावा लागतो. कला शाखा ही कागदपत्रे जुळत नसलेल्यांची आश्रयशाळा नव्हे.

नव्या नावाने गुणपत्रिका मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हा तुमच्या भीतीच्या मुळाशी असलेला समज आहे. गुणपत्रिका म्हणजे त्या वर्षी, त्या नावाने परीक्षा दिल्याची नोंद. नंतर आडनाव बदलल्याने ती खोटी ठरत नाही. जुन्या आणि नव्या नावाची व्यक्ती एकच आहे हे दाखवण्यासाठीच राजपत्र असते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रांवरील नावांसंबंधी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यात नाव हा ओळखीचा भाग असल्याचे मान्य करून बदलाची मुभा दिली, पण जुने नाव पुसून टाका असे म्हटले नाही, तर साधारणपणे नव्या प्रमाणपत्रावरही त्याची नोंद ठेवता येईल असेच सांगितले. तेव्हा गुणपत्रिकांसाठी मंडळाच्या खेपा घालण्यात प्रवेशाचे दिवस घालवू नका.

आधारवर जुने आडनाव परत लावण्याचा बेत तर आजच सोडा. आधारमधील नाव सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येते. एक संधी तुम्ही वापरली आहे. दुसरी अशी घाबरून खर्च केलीत, तर पुढे तिला स्वतःच्या कारणासाठी नाव बदलायचे झाल्यास अडचण तिची होईल. शिवाय राजपत्रात एक नाव आणि त्यानंतरच्या आधारवर दुसरे, अशी खरीखुरी विसंगती तुम्हीच निर्माण कराल.

प्रवेशाच्या अर्जात नाव कोणत्या कागदपत्राप्रमाणे लिहायचे हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते. ते अक्षरशः पाळावे आणि राजपत्राची प्रत सोबत ठेवावी. शंका असल्यास पडताळणीच्या दिवसाची वाट न पाहता सुविधा केंद्रात आधीच विचारून घ्यावे. बँकेचे खाते मात्र आधारप्रमाणे नव्या नावाने करून आधारशी जोडून घ्या, कारण महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते. पॅन आणि पारपत्राची घाई नाही.

घाई आहे ती एका गोष्टीची, आणि तिचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. प्रवेश निश्चित होताना विद्यापीठाच्या नोंदीत तिचे कोणते नाव जाणार, हे महाविद्यालयाला लेखी अर्ज देऊन त्याच वेळी विचारून घ्या. पदवी प्रमाणपत्रावर तेच नाव येईल आणि फार्मासिस्ट म्हणून नोंदणी करताना तेच पुढे चालेल. छापून आलेले प्रमाणपत्र बदलून घेणे फार किचकट असते. हा अर्ज तिला स्वतः लिहू द्या. तिला कोणते नाव हवे आहे, हेही त्याआधी एकदा विचारा, कारण अकरावीत असताना ते तिला कोणी विचारले होते असे पत्रावरून दिसत नाही.