वाचकांचे प्रश्न : यवतेश्वरचे गोटे, लाहौलचे हिमोढ

प्रश्न : साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात उतारावर मोठाले गोल दगड दिसतात. ते जुन्या हिमनदीने आणून टाकले असतील का? (सातारा)

उत्तर : नाही. इथला बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हापासून या डोंगरांत हिमनदी झालेली नाही. बेसाल्टच्या भेगांतून पाणी मुरते, कोपऱ्यांना ते अनेक बाजूंनी लागते म्हणून कोपरे आधी कुजतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि मधला गोटा उरतो. रस्त्यासाठी तोडलेली कड पाहा : गोट्याभोवती पापुद्रे आणि मुरूम जागच्या जागी असतात. दुरून वाहत आलेल्या दगडावर हे वेष्टन टिकलेच नसते. महाराष्ट्रात हिमनदीची खूण बघायची हौस असेल तर चंद्रपूरकडे इरईजवळ चुनखडकावर ओरखडे आहेत. पण ते तब्बल तीस कोटी वर्षांपूर्वीचे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचा गट हिमाचलमधल्या लाहौलच्या चंद्रा खोऱ्यात जाणार आहे. जुन्या हिमोढांचा, म्हणजे हिमनदीने रचलेल्या दगडमातीच्या ढिगांचा, नकाशा कसा करावा? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : निम्मे काम सांगलीतच उरका. इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावरून कार्टोसॅट उपग्रहाचा ३० मीटरचा उंचीचा डेटा घ्या, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये यूटीएम ४३ उत्तर या मीटरमधल्या प्रक्षेपणात आणा आणि हिलशेड (उजेड-सावलीने चढउतार दाखवणारे चित्र) दोनदा काढा : प्रकाश एकदा ३१५ अंशांवरून, एकदा ४५ अंशांवरून. एकावरच थांबलात तर प्रकाशाच्या दिशेने पसरलेले कणे (हिमोढांचे लांबट उंचवटे) दिसतच नाहीत. दहा-पंधरा मीटर रुंदीचा कणा या डेटात तसाही हरवतो, म्हणून सोबत सेंटिनेल-२ उपग्रहाची सप्टेंबर-ऑक्टोबरमधली चित्रे ठेवा. हिवाळ्यात बर्फ आणि लांब सावल्या आड येतात. कण्याच्या माथ्याची रेघ आखा, १:१०,००० हे प्रमाण शेवटपर्यंत बदलू नका आणि प्रत्येक रेघेपुढे 'निश्चित' की 'संभाव्य' हा रकाना ठेवा. तो रकाना आळसाने गाळला की पुढे सगळाच नकाशा संशयास्पद होतो.

खरी फसगत दरडींच्या ढिगाऱ्यांत आणि ओढ्यांनी पसरलेल्या गाळाच्या पंख्यांत होते. पंख्याचे टोक बाजूच्या घळीच्या तोंडाशी असते आणि तिथून तो खाली पसरतो. पार्श्व (हिमनदीच्या कडेचा) हिमोढ मात्र खोऱ्याला समांतर, हळूहळू उतरत जातो. डोंगर आणि तो यांच्यामध्ये बहुधा एक अरुंद खळगी असते. ती सापडली की अर्धे काम झाले.

जागेवर गेल्यावर पावसाने कापलेली कड खुरप्याने साफ करा आणि एकाच ठिकाणचे, शक्यतो एकाच जातीचे ५० दगड मोजा. प्रत्येकाची सर्वांत लांब व सर्वांत आखूड बाजू मोजून धारा तीक्ष्ण की झिजलेल्या ते लिहा. आखूड बाजू लांब बाजूच्या ०.४ पट किंवा कमी असलेले दगड किती आणि तीक्ष्ण धारांचे किती, याची टक्केवारी काढा. बर्फाखाली रगडलेल्या दगडांत दोन्ही आकडे कमी येतात, दरडीत जास्त. एकट्या आकड्यांवर विसंबू नका, कारण बडा शिग्रीसारख्या हिमनद्यांच्या पाठीवर कड्यावरून पडलेला राडा तसाच वाहत येतो. तो रगडला जात नाही, म्हणून अस्सल हिमोढातही दगड तीक्ष्ण निघतात. अशा वेळी ढिगाची जागा आणि दिशा काय सांगते तेच ग्राह्य धरा. ओरखडे ग्रॅनाइटवर शोधत बसू नका, बारीक कणांच्या स्लेटवर शोधा.

मोबाइलच्या जीपीएसवरची उंची नोंदवू नका. स्थान तेवढे घ्या, उंची घरी येऊन डेटातून काढा.